नावांचा बुधवार

लेकीला, सुजाताला, जुळं झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, भाऊबीज उलटून दोन दिवस झाले होते आणि दत्ताराम पाष्टे कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. एका रांगेत बारा, मधे वाट, पुन्हा बारा. रांग पुरी झाली की तो टोकाला जाऊन वाकायचा आणि एक डोळा मिटून पाठी सरळ आहेत का बघायचा. गावी भात लावताना ओळ बघायचा तसाच. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण वाकडी रांग त्याला सोसत नसे.

उद्या नावांचा बुधवार होता.

हॉलबेक हे अमेरिकेतलं लुथेरन पंथाचं जुनं कॉलेज. त्याची ही छोटी शाखा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, काचेचा कारखाना आणि कामगारांची वसाहत यांच्या मधे, दोन मजल्यांच्या इमारतीत चालत होती. मुलं सगळी मिळून एकशे चाळीस. आवारात वाळवंटातलं एक घाफचं झाड, त्याखाली चार बाकं. दारातून आत शिरलं की फरशीत पाच पाकळ्यांचं मोठं गुलाबाचं फूल बसवलेलं होतं. ती त्यांच्या पंथाची खूण. त्यावर पाय पडला की त्या वर्षी नापास व्हायला होतं अशी मुलांची समजूत, त्यामुळे सगळं कॉलेज तिथून वळसा घालून जायचं. त्यावर बिनघोर पाय देणारा माणूस एकटा दत्ताराम, कारण ते पुसायचं काम त्याचं होतं. "अंकल, आप तो हर साल फेल," असं पोरं म्हणायची आणि तो म्हणायचा, "मैं तो पहिली में भी नहीं बैठा, फेल कैसे होगा?"

नोव्हेंबरातल्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता सगळे हॉलमध्ये जमत. वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याचं नाव एका जाड पुस्तकात, ज्याच्या त्याच्या लिपीत लिहिलेलं असे. गेलेल्याच्या घरच्यांपैकी कुणीतरी पुढे येऊन ते वाचायचं. मग पितळी घंटेवर एक टोला. मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "वुई रिमेंबर." मग पुढचं नाव. सहा वर्षं टोला द्यायचं काम दत्तारामकडे होतं. पास्टर हाल्वर म्हणायचे की टोला कधी द्यायचा हे दत्तारामला जितकं कळतं तितकं त्यांनाही कळत नाही. वाचणाऱ्याचा श्वास खाली बसेपर्यंत तो थांबायचा.

त्याला ही रीत आवडायची. आपल्याकडे मेलेल्या माणसाचं नाव भटजी घेतात आणि ते संस्कृतात बुडून जातं. इथे घरच्याच माणसाने, सगळ्यांसमोर, तोंड उघडून घ्यायचं.

खुर्च्या झाल्यावर त्याने पुस्तकाचं लाकडी स्टँड पुढे सरकवलं, त्यावर पुस्तक ठेवलं आणि या वर्षीचं पान काढलं. दर वर्षी ते पान त्याला रांगोळीसारखं दिसायचं. मल्याळमची वेटोळी, अरबीची टिंबं, इथियोपियाच्या मुलीने काढलेली काड्यांची माणसं. नुसतं बघायचं आणि पुढे व्हायचं. या वर्षी मात्र तो थांबला. या वर्षी त्याला वाचता येत होतं.

सत्तावन्नाव्या वर्षी दत्ताराम वाचायला शिकला होता. संगमेश्वराकडच्या गावात त्याचं पोरपण म्हशींमागे गेलं. सही तो चित्रासारखी काढायचा. रंभा, त्याची बायको, सातवी शिकलेली. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, वीजबिल, सगळं ती वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, "तुमाला पत्र लिवायचं म्हंजे म्हशीला आरसा दाखवायचा." आयुष्याची बावीस वर्षं आखातात काढली, पण दोघांमधे पत्र म्हणून कधी गेलं नाही. आधी शेजाऱ्याच्या घरचा फोन होता, मग मोबाईल आला.

जानेवारीत अस्मीने त्याला गाठलं होतं. अल बर्शाला राहणारी, कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. कॉलेजचा नियम असा की प्रत्येक मुलाने आठवड्यातला एक तास दुसऱ्या कुणासाठी द्यायचा. कुणी वसाहतीत इंग्रजी शिकवायला जाई, कुणी दवाखान्यात अर्ज भरून देई. अस्मी शनिवारच्या मराठी वर्गात बाराखडी शिकली होती. तिने मॉप धरलेल्या दत्तारामला विचारलं, "काका, आय कॅन टीच यू. मराठी. वुड यू लाइक?"

"मला? आता चितेवर काय वाचायचंय?"

"मेन्यू," ती म्हणाली.

तो इतका हसला की हो म्हणून बसला.

ऑगस्टच्या शेवटी त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नळी घालून स्टेंट बसवला. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे विमानात बसायचं नाही, जड उचलायचं नाही, मनाला धक्का बसेल असं काही नको. त्यानंतर तीन आठवड्यांनी गावाहून फोन आला की रंभाच्या घशात गाठ निघाली, साधीच आहे, काढून टाकली, पण डॉक्टरांनी दोन महिने एक शब्द बोलायला मनाई केली आहे. दत्तारामला तेव्हाही हसू आलं होतं. रंभा दोन महिने गप्प म्हणजे गावाला सुट्टी.

"मग लिहा ना तिला," अस्मी म्हणाली होती. नंतर त्याला आठवलं, पुढच्या बुधवारी तो लिहायला बसला तेव्हा तिने मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढलं होतं.

पहिलं पत्र लिहायला दोन बुधवार लागले. 'रंभास. मी बरा आहे. गोळ्या घेतो. तू बोलू नको. घसा जप. दत्ताराम.' अस्मीने त्याचा फोटो काढून उल्हासला पाठवला. उल्हास म्हणजे दत्तारामच्या थोरल्या भावाचा मुलगा, कॉलेजची बस चालवायचा. पास्टरांच्या हातापाया पडून दत्तारामनेच त्याला इथे आणलं होतं. उल्हासने ते गावी पाठवलं. चार दिवसांनी उलट टपाली रंभाचं उत्तर आलं, वहीच्या कागदावर लिहिलेलं, फोटोतच. 'तुमचं पत्र वाचलं. अक्षर गोल आहे. भात पिवळा झाला. बाळं रात्री जागवतात. गोळ्या घ्या. मी बरी आहे.'

त्याने ते वसाहतीतल्या टायपिंगच्या दुकानात छापून घेतलं. दोन दिरहम, म्हणजे पंचेचाळीस-सेहेचाळीस रुपये झाले, असं तो दुकानदाराला मोठ्याने म्हणाला आणि घासाघीस न करता देऊन टाकले. त्यानंतर आणखी दोन पत्रं गेली, दोन उत्तरं आली. तिन्ही कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात असत. बायकोने सोपं सोपं लिहिलं होतं. एकही शब्द अडत नव्हता. आपल्या नवऱ्याला किती येतं याचा अंदाज तिला इतक्या लांबून कसा आला, याचं त्याला मोठं कौतुक वाटलं होतं.

तर आता तो पुस्तकावर वाकला. सगळ्या वेटोळ्यांच्या आणि टिंबांच्या खाली, शेवटच्या ओळीत, सुरेख वळणदार मराठी अक्षरं होती. त्याला आनंदच झाला. बोट ठेवून तो एकेक अक्षर उचलू लागला.

रं. भा.

आमच्या हिच्या नावाचं कुणीतरी, असं त्याच्या मनात आलं. बोट पुढे गेलं.

द. त्ता. रा. म.

इथे तो थांबला. हात पँटीला पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण अस्मीने सांगितलं होतं की घाई केली की आपण लिहिलेलं वाचत नाही, मनातलं वाचतो. रंभा दत्ताराम पाष्टे. खाली आकडे होते. आकडे त्याला आधीपासून येत होते. १९ सप्टेंबर २०२४.

त्याने जवळची खुर्ची ओढली आणि बसला. रांग मोडली. थोड्या वेळाने उठून त्याने ती खुर्ची होती तिथे लावली, टोकाला गेला, वाकला, एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला आणि तसाच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

दार ढकलून एक मुलगी आत आली. रिद्धी, पहिल्या वर्षाची, हातात जाड निबाचं पेन. दत्तारामला उभा बघून तिचा चेहरा उतरला.

"अंकल, सॉरी, मला माहीत नव्हतं तुम्ही इथे आहात. एकाच नावाच्या डोक्यावर रेघ द्यायची राहिली होती." ती घुटमळली. "आय'म सो सॉरी फॉर युवर लॉस. पास्टर म्हणाले, आपल्या दत्तारामच्या मिसेस आहेत, बेस्ट हँडरायटिंगमध्ये लिही. म्हणून मी पाच वेळा प्रॅक्टिस केली."

"तुला नाव कुणी दिलं?"

"लिस्ट आली ऑफिसमधून. वासिफभाईंनी दिली. तुमच्या लीव्हच्या फाइलमध्ये होतं ना, सप्टेंबरच्या. स्पेलिंग चुकलं का?"

"नाय. चांगलं लिवलंस."

"उद्या तुम्ही बेलजवळ असणार, म्हणून पास्टर म्हणाले नाव मी वाचू. चालेल ना तुम्हाला?"

"उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला.

सप्टेंबरातच पास्टर हाल्वरनी त्याला जिन्यात अडवलं होतं. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ते त्यांच्या हिंदीत म्हणाले होते, "दत्ता-राम, आप का फॅमिली के लिए मैं रोज प्रेअर करता." त्याला वाटलं, घशाच्या गाठीसाठी. "थँक्यू सर," तो म्हणाला होता, "इन्शाल्ला दो महिने में बोलने लगेगी." पास्टर त्याच्याकडे बघत राहिले होते, मग त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं असेल, काय या माणसाची श्रद्धा.

हॉलच्या मागच्या दाराबाहेर, एसीच्या पेट्यांजवळ जाऊन त्याने सुजाताला फोन लावला. गावी साडेपाच वाजले होते. मागे दोन्ही बाळं एका सुरात रडत होती.

"बाबा? आज मंगळवारचा कसा फोन? छातीत दुखत नाय ना?"

"नाय. सहज. आई काय करते?"

"आई ना?" सुजाता म्हणाली. मधे श्वासाइतकीच जागा गेली. "पोरांना निजवता निजवता तिचाच डोळा लागला बघा. उठवू काय?"

बाळं रडतच होती.

"नको," दत्ताराम म्हणाला. "निजू दे."

फोन बंद करून तो बराच वेळ पेटीच्या गरम वाऱ्यात उभा राहिला. 'उठवू काय' हे दोन शब्द त्याला समजेनात. बाकी सगळं समजत होतं.

उल्हास बस धूत होता. चार वाजून गेले होते, मुलांना सोडायच्या फेरीला अजून वेळ होता. दत्ताराम बसच्या पायरीवर बसला आणि पुतण्याच्या डोक्याकडे बघू लागला. केस अर्धा बोट वाढले होते.

"डोकं कवा उतरवलंस रे?"

"झालं की महिना-दीड महिना." उल्हासने फडका पिळला. "का?"

"उवा झाल्या व्हत्या म्हनालास. मी हसलो. म्हनलं, दुबईत बी उवा गाठतात आमच्या उल्हासाला."

फडका पिळणं थांबलं.

"दहाव्याला उतरवलंस," दत्ताराम म्हणाला.

"काका, कोन बोललं तुमाला?"

"कोन नाय बोललं. वाचलं."

उल्हास त्याच्यासमोर उकिडवा बसला. रंभा सकाळी सातला चहा ठेवायला चुलीपुढे बसली आणि तिथेच कलंडली, त्याने सांगितलं. डोक्यातली शीर तुटली. देवरुखला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्याने लगेच ऑफिसात काकाच्या रजेचा अर्ज दिला होता, पण रात्री रामेश्वराचा फोन आला. रामेश्वर म्हणजे दत्तारामचा मुलगा. तो म्हणाला, आई गेली, आता बाबा पण घालवायचा हाय का? उल्हासने सकाळी अर्ज मागे घेतला. आता दत्तारामला उमगलं, की अर्ज मागे घेतला तरी कागद फाइलीत राहतो.

"डॉक्टर काय म्हनालावता, आठवा की. धक्का नको. इमानात बसनं नको. आमी काय करायचं व्हतं?"

"सहा आठवडे म्हनालावता. सहा आठवडे नवरात्रात सरले."

"मग दिवाळी आली, काका. म्हनलं सणाचं कशाला. डिसेंबरात तुमी जानारच, तवा घरात पाय ठेवल्यावर..."

"दिवाळीत तू मला शंकरपाळी भरवलीस."

उल्हासने फडका बादलीत टाकला.

"ह्या हातानं. वर्षाच्या आत. करामाहून डबा घेऊन आलास, खोलीतल्या सगळ्यांना दिलास आनि मला म्हनालास, काका आ करा." दत्ताराम सावकाश बोलत होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत होता. "खोलीतल्यांनापन ठावं व्हतं?"

"व्हय."

"सहाही जनांना?"

"काका, तुमच्या जिवासाठी..."

"माजा जीव," दत्ताराम म्हणाला. "सगळ्यांनी वाटून घेतला व्हता तर. मला एकट्याला दिला नाय." तो उठला. दोन पावलं गेला आणि वळला. "अस्मीला ठावं हाय?"

उल्हासने बादलीत बघितलं. "तिला मीच सांगितलं. तुमी पत्र लिवायचं म्हनालात, तवा सांगनं भाग पडलं."

बुधवारी सकाळी दहाला अस्मी नेहमीप्रमाणे घाफच्या झाडाखालच्या बाकावर बसली होती. समोर वही, लाल पेन्सिल, दोन कागदी कपांत करक चहा.

"काका, यू'र लेट. आज 'क्ष' आणि 'ज्ञ' करायचेत, मग खलास. देन यू नो एव्हरीथिंग."

"आधी पत्र लिवतो."

"परत? अहो, मागच्या बुधवारीच गेलं ना एक."

"आज मीच लिवतो. तू नंतर चुका काढ."

तो लिहायला बसला. अक्षर काढताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची, ती आज आली नाही. बाजूच्या वर्गात गाण्याची मुलं दुपारच्या सभेची तयारी करत होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा, कुणीतरी चुकायचं, सगळे हसायचे, पुन्हा पहिल्यापासून. अस्मी फोन बघत होती. मधेच तिने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. त्याने तो बघितला नाही.

वीस मिनिटांनी त्याने वही तिच्यापुढे ठेवली.

तिने लाल पेन्सिल उचलली. पहिल्या शब्दावर तिने सवयीने बरोबरची खूण केली. मग पेन्सिल कागदावरच राहिली.

'रंभास. तुझं तेरावं झालं. मला कुणी सांगितलं नाही. तुझ्या पिंडाला कावळा शिवला का. का माझ्यासाठी थांबला होता. दत्ताराम.'

"काका," अस्मी म्हणाली. "आय वॉज गोइंग टू... मी..."

"आधी चुका काढ."

तिने पुन्हा वाचलं. "चुका नाहीयेत."

"एकपन?"

तिने मान हलवली. दहा महिन्यांत पहिल्यांदाच एकही नव्हती.

दत्तारामने खिशातून तीन कागद काढले आणि बाकावर एकाशेजारी एक मांडले. "सुजातानं बरं लिवलंन. आईसारखंच. पोरीचा राग येत नाय मला, तिचीच आई गेली. तिनं कसं लिवलंन असंल, तिचं तिला ठावं."

अस्मी कागदांकडे बघत राहिली. गाण्याची मुलं थांबली होती, त्यामुळे पलीकडच्या कारखान्याची घरघर ऐकू येऊ लागली.

"सुजाताताईंनी नाही लिहिलं," ती म्हणाली. "उल्हासदादांनी विचारलं होतं त्यांना. त्या नाही म्हणाल्या. फोनवर काय ते बोलेन, पण आईच्या नावाने कागदावर लिहिणार नाही म्हणाल्या."

"मग कुनी लिवलं?"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मी."

दत्तारामने पहिला कागद उचलला. लांब धरला, जवळ घेतला. हे अक्षर वहीच्या प्रत्येक पानावर, त्याच्या अक्षराच्या वर, कित्ता म्हणून होतं. दहा महिने तो त्याच्याखाली गिरवत होता. पण त्याच्यावर आयुष्यात कुणाचं अक्षर ओळखायची वेळ आली नव्हती. माणसाच्या चालीसारखी अक्षरालाही ओळख असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाचता आलं एवढ्यावरच तो खूश होता.

"भात पिवळा झाला," त्याने वाचलं. "हे तुला कसं कळलं?"

"दादांना विचारलं. ऑक्टोबरमध्ये शेतात काय असतं म्हणून."

"बाळं रात्री जागवतात."

"ते... गेस केलं."

"अक्षर गोल आहे."

"ते मी माझं लिहिलं होतं, काका. ते खरं होतं." तिने डोळे पुसले. "यू वेअर सो हॅपी. तुम्ही तो प्रिंट सगळ्यांना दाखवत होतात. सिक्युरिटीला पण. मला वाटलं, दोन महिने तरी. आणि जेवढी अक्षरं तुम्हाला येतात तेवढीच मी वापरली, म्हणजे तुम्हाला कुणाची मदत घ्यावी लागू नये..."

"व्हय. अडलो नाय कुठं."

त्याने तिन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि तिच्या वहीत घातले.

"हे तुझे."

"काका, प्लीज. ओरडा माझ्यावर."

"कशाला वरडू? शिकवलंस तू मन लावून, बाय. शिकवलं नसतंस तर मी डिसेंबरपावतर सुखात असतो." तो उठला. "माजी सातवी शिकलेली बायको मला बावीस वर्षं म्हनायची, एक पत्र तरी लिवा. मी लिवलं तवा ती नव्हती, आनि ती नव्हती तवा तिचं आलं. तू ल्हान हायस. तुला ह्यातलं काय कळंल, काय नाय. पन आता माज्याशी बोलू नको."

चहा तसाच राहिला.

बारा वाजता हॉल भरला. रांगा सरळ होत्या. पास्टर हाल्वर पांढऱ्या झग्यात पुढे उभे राहिले. गाणं झालं, सकाळी चुकत होती ती ओळ आता चुकली नाही. मग नावं सुरू झाली. केया नावाच्या मुलीने आपल्या आजोबांचं नाव मल्याळममध्ये वाचलं. दत्तारामने तिचा श्वास खाली बसेपर्यंत वाट बघितली आणि टोला दिला. "वुई रिमेंबर," शंभर माणसं म्हणाली. रुहानने मामाचं नाव वाचलं. टोला. इथियोपियाच्या मुलीने बहिणीचं नाव वाचलं आणि मधेच थांबली. दत्तारामही थांबला. तिला पुन्हा सूर सापडल्यावर, मगच टोला. अकरा नावं झाली.

रिद्धी जागेवरून उठली. दत्तारामने तिला हाताने बसायची खूण केली. घंटेचा लाकडी दांडा त्याने पास्टरांच्या हातात दिला आणि पुस्तकापुढे जाऊन उभा राहिला.

हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं फार तर चार-पाच. मागच्या दाराशी उल्हास उभा होता, टोपी हातात, डोकं खाली. शेवटच्या रांगेत अस्मी होती. बाकीच्यांना एवढंच दिसत होतं, की रोज फरशी पुसणारा माणूस पानावर बोट ठेवून वाचतो आहे.

त्याने वाचलं. पहिल्यांदा अडखळत, आणि ते त्याला पसंत पडलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, बोट उचलून.

"रंभा दत्ताराम पाष्टे. एकोणीस सप्टेंबर." मग पानावर नसलेलं तो बोलला. त्याचा आवाज मोठा झाला नाही. "माजी बायको. मला काल कळलं. हितं सगळ्यांना ठावं व्हतं."

पास्टरांना त्यातलं नाव तेवढं कळलं. त्यांनी मान लववली आणि फार मायेने, दत्तारामचा श्वास खाली बसायच्या आधीच, टोला दिला.

"वुई रिमेंबर," हॉल एका आवाजात म्हणाला.

शेवटच्या रांगेतून आणि दाराशी मात्र कुणाचे ओठ हलले नाहीत.

दत्तारामने पुस्तक उघडंच ठेवलं. मधल्या वाटेने तो सरळ चालत गेला, उल्हासच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, आणि ऑफिसात जाऊन वासिफकडे रजेचा कोरा अर्ज मागितला. वासिफने सवयीने पेन उघडलं, नाव विचारलं. दत्तारामने कागद आपल्याकडे ओढून घेतला. इंग्रजीचा फॉर्म होता, पण कारणाची जागा कोणती ते त्याने विचारून घेतलं आणि तिथे आपल्या लिपीत, आपल्या हाताने लिहिलं.

रंभा दत्ताराम पाष्टे, वय त्रेपन्न, गुरुवार दिनांक एकोणीस सप्टेंबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी सात वाजता वारली.